म्हैसूरचा वड

“हात लाव की गं झाडाला. लांबनं काय बघतीस?” आत्या म्हणाल्या आणि त्यांनीच माझा हात धरून खोडावर ठेवला.

माझी पहिली वटपौर्णिमा होती. अंगावर लग्नातला हिरवा शालू, नाकात उसनी नथ, हातात ताट, ताटात आंबा, फणसाचे गरे आणि सुताची गुंडी, आणि पोटात सकाळपासून नुसतं पाणी. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात. कराडजवळच्या आमच्या वसाहतीत सगळी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेली मंडळी राहायची, म्हणून गावातले लोक तिला कालवा सोसायटी म्हणत. सोसायटीच्या मधोमध हे झाड, झाडाला पार, आणि पारावर आत्यांचं राज्य. कारण झाड आमच्या घरातून आलेलं होतं. इथे पहिली चार घरं उभी राहिली तेव्हा आत्यांनी मामांना वडाचं रोप आणायला पाठवलं, मामांनी ते आणलं, आणि तेव्हापासून सोसायटीतल्या यच्चयावत नवऱ्यांच्या आयुष्याची दोरी आत्यांच्या वडाला बांधली गेली.

“आमची सून झाडांतलं एम. एस्सी. झालीया,” आत्यांनी जमलेल्या बायकांना सांगितलं. लग्न झाल्यापासून हे त्या भेटेल त्याला सांगत होत्या. भाजीवाल्यालाही सांगून झालं होतं, तेव्हापासून तो मला शिळी मेथी द्यायला कचरत असे.

एम. एस्सी. मी खरंच होते. कोल्हापूरला शिकले होते आणि तिथे मला अभ्यासाला वडाचंच कूळ मिळालं होतं. वड, पिंपळ, उंबर, पायर, नांद्रुक ही सगळी एका घरातली. पान तोडलं की सगळ्यांना पांढरा चीक येतो, फुलं कुणाचीच दिसत नाहीत, फळाच्या पोटात लपलेली असतात. त्यांना वेगळं ओळखायचं तर पान, देठ, फळ असं एकेक हातात घेऊन बघावं लागतं. शिंप्याची नजर जशी माणसाच्या तोंडाआधी शिवणीकडे जाते, तशी माझी देठाकडे जाते. त्या दिवशीही गेली.

पान जेमतेम दोन-तीन बोटं लांब, गुळगुळीत आणि चकचकीत. फळं वाटाण्याएवढी. पारंब्या होत्या, पण वडासारख्या जाडजूड नव्हत्या, केसांच्या झुबक्यासारख्या बारीक होत्या. मी एक पान उलटून पाहिलं. नांद्रुक. भरदार, देखणा, सावलीला मायाळू, पण नांद्रुक.

मी गप्प बसायचं ठरवलं. नव्या सुनेला लागते तेवढी अक्कल मला होती. पण पोथी वाचायला बसलेल्या भोईटे वहिनींची नजर पोथीत कधीच नसे. त्या आमच्या समोरच्या घरातल्या. सोसायटीत कुणाच्या घरी फोडणीत काय पडलं हे त्यांना धूर न बघता कळायचं.

“पान उलटं करून काय बघतीस गं? मागनं काय निराळं असतंय?” त्यांनी विचारलं.

मी काही नाही म्हणाले. पण आत्यांना वाटलं, सुनेची हुशारी दाखवायला हाच मोका आहे. “सांग की,” त्या म्हणाल्या, “वड कसा वळखायचा, तुमच्या कालेजात काय शिकवत्यात, समद्यास्नी सांग.”

आता मोठ्या माणसाने विचारलं तर सांगावं लागतंच. मी खाली मान घालून पाठ म्हणावी तसं सांगितलं, की वडाचं पान तळहाताएवढं रुंद असतं, जाड असतं, शिरा उठून दिसतात, आणि फळं बोराएवढी, लालभडक, पानाच्या बगलेत जोडीजोडीने येतात. बोलता बोलता मला जाणवलं की भोवतीच्या सगळ्या बायकांच्या माना वर गेल्या आहेत. त्या झाडावर तळहात शोधत होत्या.

“मग हे काय म्हणायचं?” भोईटे वहिनींनी विचारलं.

“ह्यो म्हैसूरचा वड हाय,” आत्या ठामपणे म्हणाल्या. “पानं बारीकच असत्यात त्याची. दरसाल कोणतरी इचारतंय आन् दरसाल मी सांगतीया.”

“आसंल की. म्हैसूरचा वड म्हणून असतोय काय गं?” वहिनींनी प्रश्न आत्यांना नाही, मला केला.

मी आत्यांकडे पाहिलं. त्या माझ्याकडे इतक्या विश्वासाने बघत होत्या की मला रडू यायचं बाकी राहिलं. डोक्यावर पदर, पोटात उपास आणि हात झाडावर. अशा अवस्थेत खोटं बोलायची माझी छाती झाली नाही. निदान दुखणार नाही अशा शब्दांत सांगावं म्हणून मी म्हणाले, “याला नांद्रुक म्हणतात. वडाचाच चुलतभाऊ.”

माझ्या त्या मऊ शब्दानेच घात केला.

“म्हंजे,” भोईटे वहिनी पोथी मिटून म्हणाल्या, “इतकी वरसं आपण चुलतदिराला फेऱ्या घालतोय?”

पुढे जे झालं ते बघण्यासारखं होतं. फेऱ्या घालणाऱ्या बायका होत्या तिथे थांबल्या, सूत हातात तसंच. एकीने विचारलं, मागच्या वर्षीच्या फेऱ्या पुढे धरतात का. दुसरीला शंका आली, की आपण मागितलेले नवरे भलत्याच बाईच्या नावावर तर पडले नसतील. सकाळीच नवऱ्याशी भांडून आलेल्या एका पोरीने हळूच चौकशी केली, की याचा अर्थ पुढच्या जन्मी आपण मोकळ्या का, आणि तिच्या सासूने तिला कोपर मारलं. भोईटे वहिनी दरसाल नवऱ्याच्या आयुष्याबरोबर त्याचं घोरणं कमी व्हावं हेही मागत. ते का कमी होत नाही, याचा त्यांना आता उलगडा झाला होता.

आत्या मात्र एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांना रागावलेलं मी पाहिलं होतं, गप्प झालेलं पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी सुताची गुंडी ताटात ठेवली, पारावर बसल्या आणि म्हणाल्या, “सूनबाई, त्यास्नी बोलाव.”

मामा व्हरांड्यात बनियनवर पेपर वाचत बसले होते. शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले. कालव्याच्या पाण्याचा हिशेब बोटावर, सिमेंटचं पोतं हात लावून चांगलं-वाईट सांगायचे, पण जमिनीतून उगवलेल्या कशालाही त्यांच्याकडे एकच नाव होतं, झाड. वटपौर्णिमेची ते दरवर्षी चेष्टा करत. सात जन्म म्हणजे फारच झालं, खात्यानेसुद्धा कुणाला एवढं एक्स्टेंशन दिलं नाही, म्हणत. मी निरोप सांगितला तेव्हा ते हसत हसतच शर्ट अडकवून निघाले.

पारापाशी त्यांची जी तपासणी झाली तशी खात्याने कधी केली नसेल. आत्या त्यांच्याशी बोलतच नव्हत्या. मामा समोर चार हातांवर उभे, आणि आत्या मला सांगत, “सूनबाई, त्यास्नी इचार, ह्यो म्हैसूरचा कधीपासनं झाला.” मी विचारायला तोंड उघडायच्या आत मामा उत्तर द्यायचे, तेही मलाच.

हळूहळू सगळं बाहेर आलं. वडाचं रोप आणायला सांगितलं त्या दिवशी मामांना कालव्याच्या दारावर पोचायची घाई होती. वाटेतल्या रोपवाटिकेत जे रोप पुढे आलं ते त्यांनी उचललं. पारंब्या येतील ना, एवढंच विचारलं, रोपवाला येतील म्हणाला, आणि आल्याही. पानं लहान का असं आत्यांनी विचारल्यावर पहिली काही वर्षं त्यांनी झाड अजून बाळ आहे म्हणून निभावलं. मग खत कमी पडतंय म्हणाले. झाड घराच्या वर गेलं आणि पानं तेवढीच राहिली, तेव्हा त्यांना म्हैसूर सुचलं. म्हैसूरच का, तर धरणं बघायला ते एकदा तिकडे गेले होते आणि सोसायटीतलं दुसरं कुणी गेलं नव्हतं.

“झाड आहे, सावली आहे, पारंब्या आहेत,” मामा मला म्हणाले. “आणि मी जिवंत आहे. आणखी काय पाहिजे?”

दोन-चार बायकांना हे पटलंसं दिसलं. आत्यांना पटलं नाही.

“सूनबाई, त्यास्नी सांग,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. “बाजारातनं आणलेलं सामान परत करून करून माझं पाय झिजलं. त्याचं काय न्हाई. पर एवढी वरसं ह्या झाडापुढं पदर पसरून मी ह्यास्नी मागतीया, आन् ह्यास्नी झाडसुद्धा धड आणावंसं वाटलं न्हाई. मग कशापायी मागू? पुनव सांजपतोर हाय. खरा वड आला तर बघू. न्हाई आला तर उपास सोडीन मी, पर मागणं काय मागायची न्हाई.”

मामा हसले. नको मागू म्हणावं, सुटलो मी, असं काहीतरी म्हणाले. पण ते स्कूटरला किक मारायला वळले तेव्हा मी पाहिलं, शर्टाची बटणं त्यांनी खाली-वर लावली होती आणि तीन किका मारल्या तरी त्यांना स्कूटरची चावी फिरवायचं सुचलं नव्हतं. जन्मभर ज्याची टर उडवली ते हातचं जाणार म्हटल्यावर माणूस पार गडबडला होता.

पहिल्या खेपेला त्यांनी मला काही विचारलं नाही. वड काय मला कळत नाही होय, म्हणत गेले आणि तासाभरात फांदी घेऊन हजर झाले. फांदीची पानं पातळ होती, लांब देठांवर लोंबत होती, वारा नसतानाही हलत होती. मी कुणाकडेही न बघता म्हणाले, “मामा, ही पायर आहे.”

“ही कोण आणि?” भोईटे वहिनींनी विचारलं. मी सांगितलं, तीही त्याच घरातली. “घर मोठं दिसतंय वडाचं,” वहिनी म्हणाल्या.

मामांनी मला बाजूला घेतलं आणि खुणा विचारल्या. मी म्हणाले, पान मोठं हवं, रुंद हवं, जाड हवं, तोडल्यावर चीक हवा. वाण्याकडे पाठवलेल्या पोरासारखे ते पुटपुटत निघाले, मोठं, रुंद, जाड, चीक.

दुसऱ्या खेपेची फांदी त्यांनी लांबूनच उंच धरून दाखवली. पॅंटवर चिकाचे पांढरे ओघळ आले होते. “मोठं,” त्यांनी बोट मोडलं. “रुंद. जाड. आणि चीक तर इतका, की विश्रामगृहाचा माळी कावला माझ्यावर.”

चारी खुणा बरोबर होत्या. पानं हिरवीगार, आरशासारखी, आणि शेंड्याला लाल टोक. साहेब लोक कुंडीत लावतात तो रबर होता. त्यांच्या तोंडाकडे बघून मला हो म्हणावंसं वाटलं, अगदी जिभेवर आलं. पण सकाळी खरं बोलून एवढा गोंधळ केल्यावर दुपारी खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. मी नाही म्हणून मान हलवली, आणि त्यांना अगदीच वाईट वाटू नये म्हणून म्हणाले, हासुद्धा त्याच कुळातला आहे.

“म्हणजे जवळ आलो,” मामा म्हणाले.

कुणीच हसलं नाही, आणि ते त्यांना कळलं. आत्यांनी तोंड फिरवलं होतं. मामा थोडा वेळ रबराची फांदी घेऊन उभे राहिले, मग ती भिंतीला टेकवून ठेवली. मी त्यांना फळं सांगायला लागले, शिरा सांगायला लागले, पण त्यांनी हात वर केला. “पानांचं माझ्याच्यानं होत नाही, पोरी,” ते हळू म्हणाले. स्कूटर वळवली आणि या वेळी गावाकडे न जाता उलट्या रस्त्याला लागले. कुठे निघाले ते कुणाला सांगितलं नाही.

आम्ही पारावर बसून राहिलो. उपासाने बायकांची तोंडं उतरली होती. घरी जावं तर पूजा अर्धी, बसावं तर झाड चुकीचं. भोईटे वहिनींनी एकदा सुचवून पाहिलं, की रबर तर रबर, पानं मोठी आहेत, उरकून टाकू. आत्यांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

तेवढ्यात अनसूयाकाकू आल्या. पाराच्या अगदी समोरचं घर त्यांचं. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तेव्हापासून या दिवशी त्या फाटकाच्या बाहेर येत नसत. कोकम सरबताची कळशी मात्र दरवर्षी करून ठेवत आणि पूजेनंतर कुणीतरी जाऊन घेऊन येई. आज कुणाला सुचलंच नाही, म्हणून त्या स्वतः कळशी घेऊन आल्या आणि पारापासून दोन पावलं लांब थांबल्या. मी कळशी घ्यायला उठले.

“खरं का गं?” त्यांनी मला विचारलं. “वड नव्हे म्हणतात हा?”

मी म्हणाले, नाही, नांद्रुक आहे.

“अगदी नक्की?”

मला वाटलं, यांचाही विश्वास बसत नाही. मी एक पान तोडून त्यांना दाखवलं, देठ दाखवला, फळ फोडून दाखवलं. त्या लक्ष देऊन बघत होत्या, परीक्षेला बसल्यासारख्या. बघून झाल्यावर त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, “म्हणजे पहिल्यापासनंच नव्हता? मी यायचे तेव्हाही?”

“झाड मधेच कसं बदलेल, काकू,” मी म्हणाले.

काकू मटकन पाराच्या कडेला बसल्या आणि हसायला लागल्या. पदर तोंडावर धरून हसत होत्या, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी गळायला लागलं तेव्हा कुठे आम्हाला कळलं की काहीतरी निराळं चाललं आहे.

“हे गेले त्या वर्षी मला ताप होता,” त्या म्हणाल्या. “उठून आले होते, पण तीन फेऱ्या झाल्या आणि चक्कर आली. चार राहिल्या. दिवाळीत हे गेले. तेव्हापासनं रोज सकाळी दार उघडलं की हे झाड समोर. रोज त्या चार फेऱ्या आठवतात. आणि आज ही पोर म्हणते, हा वडच नव्हता. तुमचेही नवरे वडावर जगले नाहीत, आणि माझेही वडापायी गेले नाहीत.”

मला स्वतःला इतका वेळ आपण मोठा अपराध केला असं वाटत होतं, ते ओझं तिथल्या तिथे उतरलं.

मग आत्या बोलल्या. “मीच म्हणाले होते तुला, अनसूया. तू उठून चाललीस तवा. फेऱ्या अर्ध्यावर सोडू नयेत म्हणून.”

“चांगल्यासाठीच म्हणालात,” काकू म्हणाल्या.

“व्हय, पर म्हणाले,” आत्या म्हणाल्या आणि पुढे किती तरी वेळ त्या झाडाकडेच बघत राहिल्या.

मामा आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. स्कूटरच्या मागे मनगटाएवढी जाड फांदी कमरेच्या पट्ट्याने बांधली होती आणि पॅंट एका हाताने सावरत ते उतरले. फांदी त्यांनी माझ्यापुढे आडवी ठेवली. पान तळहाताएवढं, जाड, शिरा उठलेल्या. बगलेत लाल फळांच्या जोड्या. मी पान उलटलंसुद्धा नाही.

“वड,” मी म्हणाले.

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते आत्यांकडे बघत होते.

“कुठनं आणला?” आत्यांनी विचारलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्या मला मध्ये न घेता बोलल्या.

“तुझ्या माहेरच्या ओढ्यावरनं,” मामा म्हणाले. “लग्नाच्या पहिल्या वर्षी आमच्या कालव्याच्या कॅम्पात वड नव्हता म्हणून तुला तिथं पूजेला सोडलं होतं. मी पलीकडच्या काठाला जीप लावून उभा होतो. तू पिवळं लुगडं नेसली होतीस आणि सूत गुंतलं म्हणून झाडावरच चिडली होतीस. झाड काही मला ओळखता आलं नसतं. पण तू कुठं उभी होतीस ते माहीत होतं.”

बायकांनी एकमेकींकडे बघायचंही टाळलं. आत्यांनी पदर नीट केला, तो नीटच होता. मग म्हणाल्या, “शर्टाची बटणं खाली-वर लागल्यात.”

मामा बटणं लावायला लागले आणि सगळ्यांनी श्वास सोडला. बायका ताटं उचलून फांदीभोवती गोळा झाल्या. वड खरा होता, पौर्णिमा अजून होती, भोईटे वहिनींनी पोथी उघडली. पण आत्या उठल्या त्या फांदीकडे आल्या नाहीत.

“वडाची फांदी लागती ना गं?” त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणाले, पावसाळ्याच्या तोंडाला हमखास लागते. “मग तोडून आणलेल्याला काय पुजायचं. फाटकापाशी खड्डा काढून लावा म्हणावं. पूजा हितंच हुईल.”

“नांद्रुकाची?” भोईटे वहिनी म्हणाल्या.

“नांद्रुकाची. अनसूया, ये. सूत धर.”

काकू मागे सरकल्या. मी कशी येणार, म्हणाल्या. भोईटे वहिनींनाही ते बरोबर वाटलं असावं. त्या पोथीवर हात ठेवून म्हणाल्या, शास्त्रात बसत नाही. आत्या त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तुझ्या पोथीत वडाचं लिवलंय. नांद्रुकाला कोण चालतंय न् कोण चालत न्हाई, ते कुठल्या पानावर हाय तेवढं वाचून दाखव.”

भोईटे वहिनी प्रामाणिक बाई. त्यांनी बोट ओलं करून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पोथी चाळली. मागच्या आरत्याही बघितल्या. “नांद्रुकाचं नावच न्हाई ह्यात,” त्या म्हणाल्या, पोथीवरच वैतागून. मग आपल्या ताटातली सुताची गुंडी उचलून त्यांनीच काकूंच्या हातात दिली.

फेऱ्या किती घालायच्या हेही कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणून जिने तिने मनाला येतील तेवढ्या घातल्या. बहुतेकींनी सवयीने सात घातल्या. भांडून आलेल्या पोरीने दोन घातल्या आणि बाकीचं घरी जाऊन बघते म्हणाली. अनसूयाकाकूंनी चार घातल्या आणि त्या थांबल्या. कुणीही त्यांना का म्हणून विचारलं नाही.

ती फांदी लागली. आज फाटकापाशी प्रचंड वड आहे, पारंब्या जमिनीला टेकल्या आहेत, खाली स्कूटरी लावतात. पौर्णिमेला सोसायटीतल्या झाडून साऱ्या बायका, कुंकू असलेल्या आणि नसलेल्या, त्या वडाला वळसा घालून आत नांद्रुकाकडे जातात. नवी सून अडखळून वडापाशी थांबलीच, तर भोईटे वहिनी तिला हाताला धरून पुढे नेतात. त्यांचे यजमान अजून घोरतात, आणि ते ऐकू येतं यातच त्यांना बरं वाटतं.

त्या संध्याकाळी उपास सुटल्यावर मी तुळशीपाशी दिवा ठेवायला गेले, तर मामा पायरीवर बसले होते. खड्डा काढून हात मातीने भरले होते. इकडे-तिकडे बघून त्यांनी मला जवळ बोलावलं.

“सूनबाई, तू तिच्या मागंच होतीस,” ते म्हणाले. “खोडाला डोकं टेकून ती काहीतरी बोलली. काय मागितलं तिनं?”

मी ऐकलं होतं. सांगावं की नाही याचा थोडा विचार केला. पण त्या दिवशी मला खरं बोलायची सवयच लागली होती.

“सात जन्म नकोत म्हणाल्या,” मी सांगितलं.

मामांनी मान हलवली. बरोबर आहे, म्हणाले. हाताची माती झाडायला लागले, आणि ती काही निघेना.

“एक पुढचा दे म्हणाल्या,” मी म्हणाले. “पण माणूस हाच दे. दुसऱ्याला पहिल्यापासून शिकवत बसायला आता अंगात त्राण नाही म्हणाल्या.”

मामांनी डोळे पुसले आणि मातीचा पट्टा गालावर ओढला गेला.

“ते पानाचं काय सांगत होतीस तू,” ते म्हणाले, “जरा पहिल्यापासनं सांग बघू. एकच जन्म मिळालाय, चुकून चालायचं नाही.”